न पोहोचलेली बातमी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ओव्हरडोसच्या प्रश्नावर नोंदी कशा जोडल्या, त्याकडे या आठवड्यात वळायचं ठरलं होतं. पण एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न चार दिवस डोक्यातून जाईना. या गृहस्थांनी आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं आहे. ते विचारतात, "ओव्हरडोस होऊन रुग्ण वाचला, तर पुढच्या महिन्यात तीच गोळी त्याला पुन्हा कोण लिहून देतो? डॉक्टरांना कळत नाही का?"

बहुतेकदा नाही कळत.

बोस्टनचे डॉ. मार्क लारोशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१२ या काळातल्या आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर सोडून इतर दुखण्यांसाठी दीर्घकाळ ओपिऑइड (अफूच्या वर्गातली वेदनाशामकं) घेणारे आणि ओव्हरडोसमधून वाचलेले २,८४८ रुग्ण त्यांना सापडले. त्यांच्यापैकी ९१ टक्के रुग्णांना पुढेही ओपिऑइड मिळतच राहिली! ज्यांचा मोठा डोस चालू राहिला, त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के रुग्णांना दोन वर्षांत पुन्हा ओव्हरडोस झाला. ज्यांची औषधं थांबली, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होतं.

यात कुणा एकाला दोषी धरून भागत नाही. श्वास मंदावलेला रुग्ण इमर्जन्सीत येतो, ओपिऑइडचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिल्यावर शुद्धीवर येतो, घरी जातो. त्याचा केसपेपर त्या हॉस्पिटलातच राहतो. गोळ्या लिहून देणारे डॉक्टर दुसरीकडे बसतात, आणि रुग्ण तरी आपणहून कसा सांगेल? लाज असते. शिवाय गोळ्या बंद झाल्या तर दुखणं कसं सोसायचं, ही धास्ती असते. दोन्हीकडची बिलं मात्र विमा कंपनीकडे एकाच नावावर जमा होतात. सगळी हकिगत ठाऊक असलेली जागा तीच, आणि तिथून डॉक्टरांना कळवायचं कुणाचंच काम नव्हतं.

मग कळवलं तर फरक पडतो का? याचं उत्तर देणारा प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो काउंटीत ओव्हरडोसने दगावलेल्या १७० जणांना पूर्वी कोणी औषधं लिहून दिली होती, ते राज्याच्या नोंदींतून शोधलं. औषधं लिहून देणारे असे ८६१ जण निघाले. त्यांतल्या काहींना मृत्यूची तपासणी करणाऱ्या कार्यालयाकडून साधं पत्र गेलं : तुमचा अमुक रुग्ण दगावला, आणि औषधं जपून लिहिण्याच्या या सूचना. दटावणी नाही, चौकशी नाही. पुढच्या तीन महिन्यांत पत्र मिळालेल्यांनी लिहिलेल्या ओपिऑइडचं प्रमाण ९.७ टक्क्यांनी घटलं. ज्यांना पत्र गेलं नाही, त्यांच्यात असा बदल दिसला नाही. २०१८ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. पत्र हाती येईपर्यंत त्यांतल्या कित्येकांना आपला रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असंच वाटत असणार.

मात्र हे पत्र मेलेल्या माणसाबद्दल होतं. वाचलेल्याबद्दल असं पत्र धाडायचं तर त्याच्या गुप्ततेचा प्रश्न उभा राहतो. मॅसॅच्युसेट्सने २०१५च्या कायद्याने अनेक खात्यांच्या नोंदी जोडल्या, पण नावं काढून टाकून. धोका कुणाला आहे हे त्यातून दिसलं, पण दार कुणाचं ठोठावायचं ते कळेना. तो तिढा पुढच्या आठवड्यात.