चाक, सायकलीचे : कार्बन तंतूंच्या नेमीची निवड व बांधणी

चाक, सायकलीचे : नाभी (तुंबा), नेमी अथवा रिम व या दोहोंना जोडणारे पोलादी तारेचे आरे यांच्या ताणयुक्त रचनेस सायकलीचे चाक म्हणतात. नेमी पोलादाची, ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची किंवा कार्बन तंतू व एपॉक्सी रेझीन यांच्या संमिश्र द्रव्याची असते. स्वाराचे वजन, रस्ता व वापर ध्यानी घेऊन सुटे भाग निवडून हाताने बांधलेल्या चाकाचा विचार येथे केला आहे.

चाकाचे दोन प्रकार : भंडारा जिल्ह्यात व एकूणच झाडीपट्टीत शंकरपटासाठी (बैलांच्या शर्यतीसाठी) वापरला जाणारा छकडा पाहिला, तर हलक्या व मजबूत चाकाचा प्रश्न सायकलीपेक्षा कितीतरी जुना असल्याचे दिसते. न्यायालयीन बंदीमुळे २०१४ पासून बंद पडलेल्या या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली व मे २०२३ मध्ये राज्याचा यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. पारंपरिक गाडीच्या चाकात तिवस, बाभूळ यांसारख्या चिवट लाकडांचा उपयोग करतात. तुंब्यात ठोकलेले जाड आरे खांबासारखे काम करतात. गाडीचा भार आसाखालच्या आऱ्यावर दाबाच्या रूपाने येतो व तो जमिनीकडे जातो. तापवून चढविलेली लोखंडी धाव निवताना आकुंचन पावते आणि सर्व सांधे आवळून धरते.

सायकलीच्या चाकात याच्या उलट घडते. दोन मिमी. जाडीची तार दाबाखाली लगेच वाकते, म्हणून प्रत्येक आरा आधीच जोराने ताणलेला असतो. चाकावर भार आला म्हणजे जमिनीलगतच्या थोड्या आऱ्यांतील ताण कमी होतो, बाकीच्यांतील ताण जवळजवळ तसाच राहतो. जोपर्यंत खालच्या आऱ्यात काही ताण शिल्लक आहे तोपर्यंत चाक भक्कम; तो शून्यावर आला की आरा सैल पडतो, निपल फिरू लागतो व चाक वाकडे होते. बांधणीचे जवळजवळ सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात. ताणयुक्त चाकाची कल्पना जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. पॅरिसच्या यूझेन मेयर यांनी १८६९ मध्ये तारेच्या आऱ्यांच्या चाकाचे एकस्व घेतले आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आरे नाभीला स्पर्शिकेच्या दिशेने जोडण्याची पद्धत आणली. पायडलाचा जोर नाभीकडून नेमीकडे नेण्यास हीच पद्धत योग्य असल्याने ती आजही रूढ आहे.

कार्बन तंतूंची नेमी : कार्बन तंतूचा व्यास ५ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. रेझिनात भिजविलेल्या तंतूंचे पट्टे वेगवेगळ्या दिशांनी साच्यात थरावर थर लावून, आतून दाब देऊन व तापवून नेमी तयार करतात. संमिश्र द्रव्याची घनता सु. १.६, तर ॲल्युमिनियमाची २.७ असते, तंतूंच्या दिशेत त्याचा ताठरपणा ॲल्युमिनियमाच्या सु. दुप्पट भरतो. मात्र तंतूंना आडव्या दिशेत हे द्रव्य दुबळे असते. म्हणून आऱ्यांच्या छिद्रांभोवती जादा थर द्यावे लागतात. थर कोणत्या दिशेने व किती लावले यावर नेमीची खरी प्रत ठरते आणि ती वरून पाहून कळत नाही, हा या वस्तूच्या खरेदीतील मोठा धोका होय. खड्ड्यात आपटून पोलादी नेमी चेपते व ठोकून सरळ करता येते; कार्बनची नेमी चेपत नाही, तडकते. नाण्याने टिचकी मारीत गेल्यास तडकलेल्या जागी आवाज बद्द येतो. ही परीक्षा उपयुक्त आहे, पण पुरेशी नाही. संशयित नेमी वापरातून काढणे हेच इष्ट.

निवड : पहिला प्रश्न वजनाचा नसून उपयोगाचा आहे. नेमीचे वस्तुमान वेग वाढविताना जवळजवळ दुप्पट भारासारखे जाणवते हे खरे, परंतु सपाटीवर एकसारख्या वेगाने जाताना हवेचा रोध वजनापेक्षा फार अधिक महत्त्वाचा ठरतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीच्या प्रदेशातून भंडारा, लाखनी, साकोली असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) बव्हंशी सपाट आहे. तेथे ४० ते ५० मिमी. खोलीची नेमी हलक्या उथळ नेमीपेक्षा अधिक लाभ देते. त्याहून खोल नेमी, विशेषतः पुढच्या चाकात, आडव्या वाऱ्यात हिसके देते. मोठी मालवाहू वाहने शेजारून जाणाऱ्या महामार्गावर ही बाब गौण मानता येत नाही.

नेमीवर दाबणारे ब्रेक असल्यास लांब उतारावर कार्बनची नेमी तापते व रेझीन मऊ पडण्याची भीती असते. भंडाऱ्याच्या सपाटीवर हा प्रसंग क्वचितच येईल, सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्याहून खाली उतरणाऱ्याने मात्र चकती ब्रेकच पसंत करावेत. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०१८ पासून रस्त्यावरील शर्यतींत चकती ब्रेकला कायमची मुभा दिली आहे. नेमीच्या कडेला आकडा नसेल, तर टायरमधील दाब ५ बारपेक्षा (सु. ७२.५ पौंड प्रती चौ. इंच) अधिक ठेवू नये आणि त्या नेमीसाठी मान्य असलेलाच टायर वापरावा. ही मर्यादा ओलांडल्यास टायर निसटून स्वार पडू शकतो.

आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ व मागच्यात ४० आरे असतात. ताठर कार्बन नेमीला २४ आरे पुरू शकतात. पण ८५ ते ९० किग्रॅ.च्या पुढील स्वाराने मागे २८ किंवा ३२ घेणे शहाणपणाचे. दोन-चार आऱ्यांचे वजन वाचवून गावापासून चाळीस किमी.वर चाक गमावण्यात फायदा नाही. निपल पितळेचे घ्यावेत. कार्बनच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम ओलाव्यामुळे विद्युत् रासायनिक क्रियेने झिजते व पावसाळ्यानंतर निपल फुटू लागतात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात पितळेचा हा गुण वेगळा सांगावयास नको.

आऱ्याची लांबी : ही गणिताने काढावी, अंदाजाने नव्हे. आऱ्यांच्या टोकांपासून नेमीची परिणामी त्रिज्या, नाभीच्या कडेवरील छिद्रवर्तुळाची त्रिज्या व मध्यापासून त्या कडेचे अंतर अशी तीन मापे घ्यावीत. तिघांच्या वर्गांच्या बेरजेतून दोन त्रिज्यांचा दुप्पट गुणाकार व आऱ्याच्या कोनाची कोज्या यांचा गुणाकार वजा करावा. वर्गमूळ काढून त्यातून नाभीच्या छिद्राच्या व्यासाचा निम्मा भाग वजा करावा. उदा., त्रिज्या २७० व २२.५ मिमी., अंतर ३५ मिमी., २४ आरे व दोन छेद असल्यास कोन ६०° होतो आणि उत्तर सु. २६०.५ मिमी. येते, येथे २६० मिमी.चा आरा घ्यावा. नेमीचे माप छापील पत्रकावरून न घेता प्रत्यक्ष घ्यावे.

बांधणी : आट्यांना तेल लावून आरे चार गटांत ओवतात. व्हॉल्व्हच्या छिद्रालगतचे दोन आरे समांतर यावेत, म्हणजे पंप लावण्यास जागा राहते. शेवटच्या छेदापाशी आरा दुसऱ्याच्या मागून घेतात. नंतर सर्व निपल प्रथम सारखे, मग अर्ध्या व पाव फेऱ्यांनी आवळीत जातात. मागच्या चाकात दंतचक्रांमुळे उजवे आरे अधिक उभे असतात; त्यांत १०० ते १२० किग्रॅ. भाराइतका ताण असताना डाव्या बाजूस त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक ताण राहतो. नेमीकर्त्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये, अन्यथा छिद्रापाशी थर सुटतात.

गावोगावचे सायकल दुरुस्त करणारे कारागीर फोर्कजवळ बोट धरून चाकाचा ‘आऊट’ काढतात. पोलादी नेमीवर हे कसब उत्तम चालते, कारण सैल-घट्ट आऱ्यांबरोबर नेमी हलते व चूक डोळ्यांना दिसते. कार्बनची नेमी इतकी ताठर असते की आऱ्यांतील ताण विषम असूनही चाक सरळ फिरताना दिसते. म्हणून येथे ताणमापक आवश्यक ठरतो. तो नसल्यास एका बाजूचे आरे छेडून स्वर ताडून पाहावेत. समांतर आऱ्यांच्या जोड्या हातात धरून जोराने दाबाव्यात, म्हणजे आऱ्यांची वळणे नाभीत नीट बसतात व तारेला पडलेला पीळ निघून जातो. बाजूचा हेलकावा अर्ध्या मिमी.हून कमी राहावा. पहिल्या काही प्रवासांनंतर ताण पुन्हा तपासावा.

विदर्भात लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीकडे नव्याने लक्ष वेधले गेले ते २०१७ मध्ये. त्या वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सु. ४,८०० किमी.ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. नाशिकशी संबंधित लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही त्याच वर्षी ती पुरी केली. त्यापूर्वी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू दोघांच्या संघात ती पार पाडून आले होते. अशा स्पर्धेत स्वाराबरोबर सुटी चाके वाहणारी गाडी असते. भंडाऱ्याहून पवनी किंवा तुमसरकडे एकट्याने निघालेल्या स्वाराजवळ ती नसते. त्याने निपल-चावी व योग्य लांबीचे दोन-तीन आरे सोबत ठेवावेत.