दाताची मेढ

मंडळी, समजा, सुरगाण्याहून दोघे जण एकाच एसटीने नाशिकला दंतवैद्याकडे गेले. एकाचा खालचा पुढचा दात पडलेला, दुसऱ्याची वरची मागची दाढ काढलेली. दोघांच्याही जबड्यात टायटेनियम धातूचा सारखाच खिळा बसवला. पहिल्याला सांगितले, वरचा दात बसवायला तीन महिन्यांनी या. दुसऱ्याला सांगितले, सहा महिन्यांनी. आता हा दुसरा परतीच्या वाटेवर कुरकुरणारच. "पैसे तेवढेच मोजले, मग मलाच का ताटकळत ठेवलं?"

तुम्ही घराची मेढ रोवता तेव्हा आधी जमीन पाहता की नाही? मुरमात खड्डा खणताना घाम फुटतो, पण मेढ हलत नाही. भातखाचराच्या कडेला तीच मेढ हातभर जास्त खोल गेली तरी डुलते. जबड्याचेही तसेच आहे. हाड आपल्याला दगडासारखे एकजीव वाटते, पण त्याला बाहेरून टणक साल असते आणि आत जाळीदार गाभा. खालच्या जबड्यात हनुवटीपाशी साल जाड, गाभा दाट. वरच्या जबड्यात मागे साल पातळ, गाभा विरळ, आणि त्यावर गालामागची हवेची पोकळी. म्हणजे खोलीही कमीच मिळते. खालच्या मागच्या दाढांकडे हाड बरे असते, पण तिथून ओठाला जाणीव देणारी नस जाते. तिला धक्का लागून चालत नाही. लेखोल्म आणि झार्ब या दोघांनी 1985 साली हाडाच्या चार प्रती ठरवल्या. पहिली सर्वांत टणक, चौथी सर्वांत विरळ.

मग टणक तेवढे चांगले म्हणावे, तर तसेही नाही. फार टणक हाडात रक्ताचा पुरवठा कमी असतो, आणि भोक पाडताना ते तापते. 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी हाडाला इजा होते. म्हणून तर डॉक्टर पाण्याची धार सोडत, थांबत थांबत काम करतात.

इथपर्यंत मेढीची उपमा चालते. पुढे मात्र कुंपणाला रोवलेली पांगाऱ्याची फांदी आठवा. ती आधी नुसती मातीच्या दाबाने उभी राहते, मग मूळ धरते. फरक एवढाच, की इथे मुळे खिळ्याला फुटत नाहीत. हाडच पुढे येऊन खिळ्याला धरते. ही गोष्ट स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसली, आणि 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे खिळे बसवले. तीन आणि सहा महिन्यांची मुदत त्यांच्याच पद्धतीतली. आता खरखरीत पृष्ठभागाचे खिळे आल्यामुळे ती पुष्कळदा कमी होते, तरी विरळ हाडाला जास्त वेळ द्यावा लागतो, हे बदललेले नाही.

यात एक खाच आहे, तीच लोकांना नडते. भोकाच्या कडेचे जुने हाड आधी झिजते, नवे मागाहून भरते. त्यामुळे खिळ्याची पकड सर्वांत कमी असते ती बसवल्या दिवशी नव्हे, तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. तोवर दुखणे थांबलेले असते, आणि माणूस खुशाल त्या बाजूने भाजलेले हरभरे फोडू लागतो! त्यात विडी असली तर हाड धरायला आणखी अडचण, विशेषतः वरच्या जबड्यात.

आणि दात काढून वर्षानुवर्षे जागा रिकामी ठेवू नका. दाढेच्या जागी पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. पुढे खिळा बसवायचा मनात असेल, तर दात काढतानाच डॉक्टरांना तसे सांगा.

गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. एक सागाचा तुकडा घ्या, एक सावरीचा. दोन्हींत सारखे भोक पाडून सारखाच स्क्रू फिरवा, आणि मुलांना पेचकस हातात घेऊ द्या. मग सावरीत दुसरे भोक जरा अरुंद पाडून पाहा. स्क्रू पहिल्यापेक्षा घट्ट बसेल. विरळ हाडात दंतवैद्य हीच युक्ती करतात.