आव पडते तेव्हा आतड्यात नेमकं काय घडतं? अमिबाचा रस असा पोखरतो आतडं अन् यकृत

पावसाळा लागला, ओढ्या-नाल्याचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की गावोगावी पोटाच्या तक्रारी सुरू होतात. पोटात मुरडा येतो, दिवसातून आठ-दहा वेळा परसाकडे जावं लागतं, चिकट आव पडते, कधी रक्तही दिसतं. मग घरोघरी सल्ले सुरू होतात. ‘उष्णता झाली, ताक पी.’ ‘जंत झाले असतील, जंताची गोळी घे.’ कुणी शेजारच्या घरातल्या उरलेल्या पाकिटातल्या दोन गोळ्या आणून देतं. दोन दिवसांत बरं वाटतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

इथंच फसगत होते. या आजाराचं एक मोठं कारण म्हणजे अमिबा. तो आत काय करतो हे एकदा समजलं, की दोन गोळ्यांवर काम का भागत नाही हेही कळतं. म्हणून आज हा विषय सविस्तर मांडतोय.

हा अमिबा कोणता?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अमिबाचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. एकाच पेशीचा जीव, ठराविक आकार नाही, पाय पसरत सरकतो. तो डबक्यातला, निरुपद्रवी. आपल्या पोटात त्रास देणारा त्याचा भाऊबंद वेगळा. त्याचं नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. १८७५ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये लॉश नावाच्या डॉक्टरांना एका आजारी तरुण शेतकऱ्याच्या शौचात तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पुढं १९०३ मध्ये शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला आजचं नाव दिलं. ‘हिस्टोलिटिका’ म्हणजे शरीराचं मांस विरघळवणारा. नावातच त्याचा सगळा धंदा आला.

याची दोन रूपं असतात. एक कवचातलं, बी सारखं. त्याला सिस्ट म्हणतात. एका मिलिमीटरच्या रेषेत अशी साधारण ऐंशी कवचं ओळीनं बसतील, इतकं ते बारीक. आजारी माणसाच्या शौचातून ते बाहेर पडतं, ओलाव्यात कित्येक दिवस जिवंत राहतं आणि पाणी, कच्ची भाजी, माशा किंवा न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातं. पोटातल्या आम्लानंही ते मरत नाही. लहान आतड्यात गेल्यावर कवच फुटतं आणि दुसरं, हलतं-खातं रूप बाहेर येतं. मोठ्या आतड्यात ते मुक्काम ठोकतं.

आधी चिकटतो, मग थर कापतो

आपल्या मोठ्या आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. शेताला बांध तसा आतड्याला हा थर. जंतू आतड्याच्या पेशींपर्यंत पोचू नयेत म्हणून शरीर तो सतत तयार करत असतं. शौचातून जी आव पडते ती म्हणजे मुख्यतः हाच चिकट पदार्थ. आतडं चिडलं की तो जास्त तयार होतो आणि बाहेर पडतो.

अमिबाच्या अंगावर एक खास प्रथिन असतं. शास्त्रज्ञ त्याला लेक्टिन म्हणतात. गवताचं कुसळ धोतराला धरतं तसं हे प्रथिन आतड्याच्या थरातल्या आणि पेशींवरच्या ठराविक साखरेच्या कणांना पकडतं. एकदा पकड बसली की अमिबा आपला रस सोडायला लागतो.

या रसात प्रथिनं कापणारी एन्झाइम असतात. जेवण पचवायला आपल्या पोटात जशी एन्झाइम असतात, त्याच जातीची ही. फरक एवढाच की इथं पचवलं जातंय ते आपलं स्वतःचं आतडं. बुळबुळीत थराला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन ती कापतात आणि थर पातळ होतो. पेशींना एकमेकींशी आणि खालच्या जागेशी बांधून ठेवणारे धागेही तुटतात. जंतूंना पकडायला आपलं शरीर जी अँटिबॉडी सोडतं, तिचेही ही एन्झाइम तुकडे करतात. चोरानं कुंपण तोडावं आणि राखणदाराची काठीही मोडावी, असा हा प्रकार.

पेशीला भोक पाडणारी प्रथिनं

दुसरं हत्यार म्हणजे अमिबापोअर. ही अगदी छोटी प्रथिनं. अमिबाच्या पोटातल्या बारीक पिशव्यांमध्ये ती साठवलेली असतात. मुळात अमिबाचं रोजचं खाणं म्हणजे आतड्यातले बॅक्टेरिया, आणि गिळलेले बॅक्टेरिया मारायला ही प्रथिनं त्याला लागतात. पेशीच्या पडद्यात ती शिरतात, एकत्र येतात आणि आरपार भोक पाडतात. भोक पडलं की आतलं-बाहेरचं प्रमाण बिघडतं आणि पेशी मरते. युरियाचं पोतं खाली टोचलं की कसं रिकामं होतं, तसंच समजा.

शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत असे अमिबे तयार केले, ज्यांच्यात हे प्रथिन फारच कमी तयार होतं. त्या अमिबांची नुकसान करण्याची ताकद बरीच कमी झाली. म्हणजे हे हत्यार कामाचं आहे हे सिद्ध झालं.

तिसरी गोष्ट २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आली. अमिबा जिवंत पेशीचे बारीक लचके तोडतो. उंदीर कणीस कुरतडतो तसा. थोडं-थोडं कुरतडल्यावर पेशी मरते, आणि मग तो तिला सोडून पुढच्या पेशीकडे वळतो.

त्यात आणखी भर पडते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावून येतात. अमिबाला भिडल्यावर त्यातल्या कित्येक मरतात आणि त्यांच्या आतला तिखट माल तिथंच सांडतो. त्यानं आजूबाजूची चांगली जागाही भाजून निघते.

रांजणासारखे व्रण

या सगळ्यामुळं आतड्याला व्रण पडतात. त्यांचा आकार रांजणासारखा असतो. वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. कपाशीच्या बोंडात अळी शिरली की बाहेरून बारीक भोक दिसतं अन् आत सगळं पोखरलेलं असतं, तीच गत. रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि शौचातून रक्त येतं. फार दुर्लक्ष झालं तर आतड्याला आरपार भोक पडू शकतं. तेव्हा जिवावरच बेततं.

काही अमिबे रक्तावाटे यकृतात जातात आणि तिथं गळू तयार होतं. हे गळू फोडलं तर चॉकलेटी रंगाचा पातळ पदार्थ निघतो. लोक त्याला पू म्हणतात, पण त्यात बहुतांश विरघळलेलं यकृतच असतं. हा त्रास बायकांपेक्षा तरुण आणि मध्यम वयाच्या पुरुषांत कितीतरी जास्त दिसतो. विशेष म्हणजे अशा कित्येक रुग्णांना त्या वेळी जुलाब नसतातच. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, ताप, भूक मरणं, वजन उतरणं अशी लक्षणं दिसली तर ‘अंगात कसर आहे’ म्हणून घरी बसू नका. सोनोग्राफीत हे गळू दिसतं आणि वेळेत औषध मिळालं तर माणूस पूर्ण बरा होतो.

त्रास नाही, तरी जंतू आहे

ज्यांच्या पोटात हा अमिबा शिरतो, त्यातल्या साधारण १०० पैकी ९० जणांना काहीच त्रास होत नाही. ते धडधाकट दिसतात, शेतात राबतात, स्वयंपाक करतात. पण त्यांच्या शौचातून कवचं बाहेर पडत राहतात. म्हणून गावातून आजार हटत नाही.

औषध दोन टप्प्यांचं का?

इथं खरी मेख आहे. १९१२ मध्ये कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनच्या इंजेक्शननं अमिबाचे रुग्ण बरे केले. ते औषध हृदयाला जड जायचं. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि आज तेच मुख्य औषध आहे. आतड्याच्या भिंतीत, यकृतात शिरलेल्या अमिबाला ते मारतं, म्हणून दोन-तीन दिवसांतच आराम पडतो. पण आतड्याच्या पोकळीत राहिलेले अमिबे आणि कवचं त्यानं सगळी जात नाहीत. त्यासाठी डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन असं दुसरं औषध डॉक्टर देतात. तण वरून खुरपलं आणि बी रानात राहिलं, तर पुढच्या पावसात ते पुन्हा उगवणारच.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा:

– आराम पडला तरी कोर्स मध्येच सोडू नका. दुसरं औषध लागेल का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा.
– जंताची गोळी जंतांसाठी असते. अल्बेंडाझोलनं हा अमिबा मरत नाही.
– मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारूला शिवू नका. उलट्या, धडधड, जीव घाबरणं असा त्रास होतो.
– रक्ताची आव असताना जुलाब थांबवणारी गोळी मनानं घेऊ नका.
– ‘ताकदीचं’ म्हणून कुणाकडूनही इंजेक्शन घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असेल तर अमिबाचा आजार भडकू शकतो.
– अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. ओआरएस पाजत राहा, विशेषतः लेकरांना आणि म्हाताऱ्यांना.

रक्ताची प्रत्येक आव अमिबाचीच असते असंही नाही. शिगेला नावाच्या बॅक्टेरियानंही ती होते, आणि त्याचं औषध वेगळं. त्यात बहुतेक वेळा ताप जोरात असतो आणि आजार झपाट्यानं चढतो. म्हणून शौचाची तपासणी करून घ्या. नमुना ताजा पाहिजे. अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली गेला तर उत्तम, कारण हलता अमिबा बाहेर फार वेळ टिकत नाही. घरून सकाळी डबीत भरून दुपारी एसटीनं तालुक्याला नेलेला नमुना फारसा कामाचा राहत नाही. दवाखान्यातच नमुना द्या.

पाणी उकळा, हात धुवा

विहिरीत टीसीएल पावडर टाकलीच पाहिजे, तिनं कॉलरा-टायफॉइडचे जंतू मरतात. पण अमिबाचं कवच तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. खात्रीचा उपाय एकच, पाणी खळखळून उकळणं. साथीच्या दिवसांत निदान प्यायचं पाणी तरी उकळाच.

कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवा. भाजीच्या वाफ्यात ताजं सोनखत किंवा गटाराचं पाणी सोडू नका. या अमिबाचं मुख्य घर माणसाचंच आतडं आहे, तेव्हा तो पसरतो तोही माणसाच्याच शौचातून. शौचालय वापरणं, परसाकडून आल्यावर आणि भाकरी थापण्याआधी साबणानं हात धुणं, नखं कापणं, अन्न झाकून ठेवणं, एवढं केलं तर त्याची वाट बंद होते.

आणि घरात उरलेल्या गोळ्यांचं पाकीट असेल तर ते शेजाऱ्याला देऊ नका. त्याला दवाखान्यात न्या.