इंजिनांतील पाण्याचें कार्य

मळणीच्या ऐन हंगामांत ट्रॅक्टर तापून उभा राहिला, अशी तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. म्हणून इंजिन थंड राखण्याची योजना कशी असते, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. मोटार असो वा ट्रॅक्टर, तत्त्व एकच.

इंधनापासून निघणाऱ्या उष्णतेचा जमाखर्च मांडला, तर सुमारें तिसरा हिस्साच कामास येतो. जवळजवळ तितकाच धुरावाटे जातो व बाकीचा बहुतेक धातूंत शिरतो. तो काढून न नेल्यास वंगणाचें तेल पातळ होतें आणि दट्ट्या फुगून सिलिंडरांत आवळून बसतो. याकरितां सिलिंडरांभोवतीं पोकळी ठेवून तींतून पाणी खेळवितात. तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें व पुन्हां इंजिनांत येतें. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींतून पंप लौकरच वगळण्यांत आला होता. ऊन पाणी हलकें होऊन वर चढे, गार खालीं येई, एवढ्यावर काम भागे. हल्लींच्या इंजिनांना तें पुरत नाहीं.

वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. पाणी ८० ते ९० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास तापलें कीं तिच्यांतील मेण वितळून फुगतें व रेडिएटरची वाट मोकळी होते. उन्हाळ्यांत ही झडप काढून टाकण्याचा सल्ला कांहीं मिस्त्री देतात; तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. फार थंड राहिलेलें इंजिन इंधन अधिक खातें व लवकर झिजतें.

झांकणाविषयीं विशेष सांगावयाचें आहे. तें आंत दाब राखतें. हवेच्या दाबाहून आणखी तितकाच दाब असल्यास पाणी १०० ऐवजीं १२० अंशांस उकळतें. अशा वेळीं झांकण काढतांच दाब नाहींसा होतो व उकळतें पाणी उसळून तोंडावर येतें. घाई किती का असेना, इंजिन बंद करून पुरतें निवूं द्यावें. कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनांत गार पाणी ओतल्यास हेड तडकण्याचें भय असतें, तें निराळेंच.

विहिरीचें जड पाणी भरूं नये. बंबांत बसतो तसा क्षारांचा थर आंत बसतो. शुद्ध पाण्यांत कूलंट कंपनीच्या पुस्तिकेंतील प्रमाणानें मिसळावें. बहुतेक कूलंटांत असणारें एथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असतें. सांडलेलें गुरांच्या वा कुत्र्यांच्या तोंडीं लागूं देऊं नये.

मळणींत मात्र दोष बहुधा पाण्याचा नसून भुसाचा असतो. जाळी भुसानें बुजली कीं वाराच शिरत नाहीं. इंजिन बंद करून पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस हवा मारावी, म्हणजे भूस आल्या वाटेनें निघून जातें. पुढून जोर केल्यास तें अधिकच आंत रुततें. हें काम दिवसांतून दोनतीनदां करावें लागतें.