वायरमनची गाडी

घरांतील दिवे अकस्मात् गेले, वायरमनला निरोप धाडला आणि तो वेळेवर आलाहि, तरी एवढ्यानें गृहस्थाची चिंता मिटत नाहीं. वायरमन शिडीवर चढतो, पेटी उघडून पाहतो आणि खालीं उतरून आपल्या गाडीकडे जातो. एक वस्तु आणतो, पुन्हां जातो. तिसऱ्या फेरीला गृहस्थ घड्याळ पाहूं लागतो आणि हा मनुष्य आळशी तरी असावा किंवा अडाणी तरी, असा घरांतील मंडळींचा समज होतो. पुष्कळ वेळां तो यांपैकीं कांहींच नसतो. त्याचा हात कुशल असतो. विस्कळित असते ती त्याची गाडी.

हें काम करणारे कित्येक जण आजहि दुचाकीला पिशवी अडकवून हिंडतात. धंदा वाढला म्हणजे लहान टेम्पो येतो. २००५ सालीं निघालेल्या टाटा एस या चारचाकीला लोकांनीं ‘छोटा हत्ती’ असें लाडकें नांव दिलें, तशा जातीची ही गाडी. पिशवींत जागा थोडी, म्हणून तेथें शिस्त आपोआप राहते. हत्तीच्या पाठीवर मात्र काय वाटेल तें टाकतां येतें, आणि तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

पहिला गुंता केबलचा. कामाच्या जागीं वीज लांबवर नेणारी जाड केबल पंजा व कोंपर यांभोंवतीं भराभर गुंडाळून गाडींत फेंकण्याची रीत सर्रास आढळते. अशा प्रत्येक वेढ्यागणिक केबलमध्यें एक पूर्ण पीळ सांठून राहतो. वेटोळें जमिनीवर ठेवून टोक ओढलें कीं, वीस वेढ्यांचे वीस पीळ उफाळून येतात. पतंग उडविणाऱ्या मुलाला हें शास्त्र न शिकतांच कळतें. फिरकी फिरवीत मांजा सोडला तर त्याला पीळ पडत नाहीं. तीच फिरकी उभी ठेवून मांजा तिच्या टोकावरून ओढला, तर प्रत्येक फेऱ्यास एक पीळ पडतो. मांजा तुटला तर पतंग जातो. केबलचें तसें नाहीं. तिच्या आंतील तांब्याचे बारीक तंतु वारंवार पिळून व दुमडून एकेक करून तुटतात; वरचें आवरण धड दिसतें आणि त्या एका जागीं केबल तापूं लागते.

यावर उपाय सोपा आहे. एक वेढा नेहमींप्रमाणें घालावयाचा आणि पुढचा मनगट आंत वळवून उलटा घालावयाचा. पहिल्यानें दिलेला पीळ दुसरा काढून घेतो. ध्वनिक्षेपकांच्या केबली रोज मांडणारे व उचलणारे लोक असेंच करतात. मात्र उलगडतांना टोक वेटोळ्याच्या मधून गेलें, तर गांठींची माळच तयार होते; म्हणून टोक बांधून ठेवावें. श्रोत्यांनीं बागेंतील रबरी नळीवर हा प्रयोग अवश्य करून पहावा.

दुसरा गुंता बारीक वस्तूंचा. स्क्रू, गिट्ट्या, लग, क्लिपा, होल्डर, इतक्या जातींचे जिन्नस एका डब्यांत घातले आणि गाडी शहरांतील खड्ड्यांवरून दिवसभर हिंडली, तर काय होतें हें चिवड्याचा डबा पाहिलेल्यास सांगावयास नको. चुरा तळाशीं बसतो. हव्या असलेल्या लहान स्क्रूसाठीं सगळा डबा पालथा घालावा लागतो. म्हणून कप्प्यांची पेटी घेतात; पण तींतहि एक मेख आहे. कप्प्यांच्या भिंती झांकणाला टेंकत नसतील, तर हिंदकळ्यांनीं स्क्रू या घरांतून त्या घरांत जातात. आपल्या घरच्या मिसळणाच्या डब्यांत वाट्या बुटक्या असल्या म्हणजे हळदींत मोहरी येते, तोच हा प्रकार. झांकणाच्या आंतून स्पंजाचा जाड तुकडा चिकटविला तर पुष्कळ काम भागतें. परदेशी पद्धतीचे पोलादी कप्पे पाहून मोह होतो खरा. ते रिकामेहि जड असतात, आणि लहान गाडीचा भार त्यांतच खर्ची पडतो.

भार म्हणजे मुख्यतः तारेचीं बंडलें. भिंतींत घालावयाच्या तारेचें बंडल ९० मीटरचें असतें. कारागीर ‘दीड एमएम’, ‘चार एमएम’ असें म्हणतो, तो आंकडा वस्तुतः तांब्याच्या छेदाच्या चौरस मिलिमीटरांचा. चारच्या बंडलांत नुसतें तांबेंच सुमारें सव्वातीन किलो भरतें. तीं तळाशीं, दोन्ही चाकांच्या मध्यें, पट्ट्यानें बांधून ठेवावींत. जोरानें ब्रेक लागला म्हणजे सुटें बंडल चालकाच्या पाठीकडे धांवतें.

परंतु खरा धोका बंडलांत नसून उरलेल्या तुकड्यांत आहे. लाल दीडचा तुकडा आणि लाल चारचा तुकडा अंधाऱ्या गाडींत, रात्रीं आठ वाजतां, सारखेच वाटतात. दुकानें मिटलेलीं, गृहस्थाला गीझर आजच हवा. ३,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारें १३ अँपिअर प्रवाह घेतो. तितक्याच प्रवाहानें दीडच्या तारेंत चारच्या तारेच्या अडीचपटींहून अधिक उष्णता निघते. प्रवाह वाढलेला नसतो, म्हणून पेटींतील सोळा अँपिअरच्या एमसीबीला कांहीं वावगें दिसत नाहीं. भिंतींतील आवरण मात्र रोजच्या आंघोळीबरोबर थोडथोडें भाजत जातें, आणि तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. यास्तव प्रत्येक तुकड्याला चिकटपट्टी लावून तिच्यावर जाडी व लांबी लिहिणें हें टापटिपीचें काम नव्हे, तें त्या घराच्या सुरक्षिततेचें काम आहे.

मग रात्रीं आठ वाजतां तार संपूं नये म्हणून काय करावें? घरांत गॅसचे दोन सिलिंडर असतात. पहिला संपून दुसरा लावला कीं, त्याच दिवशीं नोंदणी करतात. वायरमननें प्रत्येक जिन्नसाचे असेच दोन डबे ठेवावे. पुढचा रिकामा झाला कीं तो चालकाच्या शेजारच्या आसनावर ठेवून द्यावयाचा व मागचा पुढें ओढावयाचा. सायंकाळीं आसनावर जितके डबे, तितकी खरेदी. वही नको, आठवण नको. आणि दुकानदाराला नमुना दाखविण्यासाठीं डब्याच्या तळाशीं एक स्क्रू मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतोच.