पिवळा माका की वेडेलिया?
कॅडेट, इयत्ता दहावी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला चुकीचा पाला आणून दिला. ती चूक निस्तरताना जे शिकलो, ते इथे लिहितो आहे.

माझं घर भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे विदर्भातून कामासाठी जी कुटुंबं इकडे आली, त्यांत आमचंही होतं. मी आझाद हिंद एक्सप्रेसने दुर्गला उतरून घरी पोहोचलो, तेव्हा आजी केसांचं तेल करायच्या तयारीत होती. नेहमीचा पांढऱ्या फुलांचा माका मिळत नव्हता. पिवळा माकाही चालतो, असं तिला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. आमच्या क्वार्टरच्या कुंपणाशी पिवळ्या फुलांची वेलवर्गीय झुडपं गालिच्यासारखी पसरली आहेत. जीवशास्त्रात बरे गुण मिळवणाऱ्या मी टोपलीभर पाला तोडून तिच्यापुढे ठेवला आणि वर छोटंसं भाषणही दिलं.

एक फांदी मात्र वहीत दाबून शाळेत आणली होती. ती बघून सिंधुदुर्गच्या माझ्या वर्गमित्राने त्याची वही उघडली. त्यांच्या भाताच्या खाचराच्या बांधावरचा खरा पिवळा माका त्याने चिकटवला होता. दोन्ही फुलं अगदी बहिणी-बहिणी. पानं मात्र एका घरातली वाटेनात.

आणि त्या खरोखरच बहिणी निघाल्या. दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोघी बहुवर्षायू, दोघींचं पहिलं नाव स्फॅग्नेटिकोला. खरा पिवळा माका तो स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया. हा आपल्याकडचा, ओलसर जागी वाढणारा, आयुर्वेदातला पीत भृंगराज. माझ्या टोपलीत होती ती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, म्हणजे नर्सरीत मिळणारी वेडेलिया. ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. शोभेसाठी, जमीन झाकायला म्हणून लावतात. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक प्रजातींची जी यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात हिचं नाव आहे. हे वाचल्यावर मला कुंपणाजवळचा तो गालिचा पूर्वीसारखा गोड वाटेना.

ओळखायचं कसं? मी आधी फुलाकडेच बघत बसलो आणि तिथेच फसलो. वेडेलियाचं फूल जरा मोठं असतं, पण 'जरा' हे माप काही कामाचं नाही. पाकळ्या मोजल्या, तर दोघींच्या साधारण आठ ते तेराच्या दरम्यान. म्हणून पान बघावं. ट्रायलोबाटा याचा अर्थच तीन पाळ्यांची. वेडेलियाचं पान जाडसर, चकचकीत, आणि मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक टोक फुटलेलं. पिवळ्या माक्याचं पान अरुंद, लांबट, हाताला खरखरीत. कडा जवळपास सरळ, फार तर बारीक दाते. यातही एक खोच आहे. वेडेलियाची काही पानं, विशेषतः कोवळी, पाळ्या नीट दाखवत नाहीत. त्यामुळे एका पानावर निकाल देऊ नये, पाच-सहा पानं बघावीत. दक्षिण चीनमध्ये तर या दोघींचा संकरही सापडला आहे, तेव्हा तिथल्या मुलांचं काम आपल्याहून अवघड.

खुद्द सूर्यफुलांमध्ये हा घोळ आणखी मोठा आहे. उत्तर अमेरिकेत रानसूर्यफुलांच्या सुमारे पन्नास जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच बहुवर्षायू. त्या एकमेकींत संकर करतात. शेतातल्या सूर्यफुलात 34 गुणसूत्रं असतात, तर जमिनीखाली खाण्याजोगे कंद धरणाऱ्या बहुवर्षायू जातीत 102! तिथेही फुलावरून फारसं कळत नाही. पानाला देठ आहे की पान थेट खोडाला चिकटलं आहे, जमिनीखाली कंद आहे का, हेच बघावं लागतं.

फुलाचा एक उपयोग मात्र सरांनी दाखवला. आपण ज्याला पाकळी म्हणतो, ते या कुळात एक अख्खं छोटं फूल असतं. वेडेलियाची एक 'पाकळी' बुडासकट उपटून भिंगाखाली धरली, तर तळाशी दुभंगलेली कुक्षी दिसते, कारण ते मादीफूल आहे. सूर्यफुलाच्या पाकळीत असं काही नसतं. ती वांझ, नुसती शोभेची. आमच्या मैदानामागे पुरुषभर उंचीचं, सगळे ज्याला रानसूर्यफूल म्हणतात ते टिथोनिया आहे. त्याचीही पाकळी वांझच निघाली. ते ओळखायला फुलाखालचा देठ चाचपावा: वर जाताना फुगत जातो आणि आतून पोकळ लागतो.

रविवारी फोनची पाळी आली, तेव्हा मी आजीला म्हटलं, "ते तेल लावू नकोस. पाला चुकीचा होता."

"काहून रे? भाषण तर मोठं दिलं होतंस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "डोक्याला एकदाच लावलं. काही झालं नाही. उरलेलं दिव्याला घालते."

काही झालं नाही, हे नशीब. कुठली वनस्पती आहे याची खात्री नसताना मी ती घरातल्या माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचवली होती, हे मला अजून खुपतं.

उन्हाळ्यात घरी गेलो, तर मागच्या नालीच्या कडेला नवा हिरवा पट्टा. दिवाळीत पाला खुडून उरलेली खोडं मीच तिथे फेकली होती. वेडेलिया बियांपेक्षा खोडावर पसरते. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मूळ फुटतं आणि बोटभर तुकडासुद्धा जगतो. दोन सकाळी खपून मी ती मुळासकट उपटली. पण या वेळी फेकली नाही. गच्चीच्या सिमेंटवर पसरली आणि पेरं कडकड मोडेपर्यंत मे महिन्याच्या उन्हात वाळवली. पाचव्या दिवशीही दोन तुकडे आतून हिरवे होते. ते परत उन्हात ठेवले.