गाडी आपली, हुकूम कुणाचा?

पोलंडच्या लोअर सिलेशिया प्रांतातल्या रेल्वे कंपनीने आपल्या ‘इम्पल्स’ गाड्या मोठ्या देखभालीसाठी ‘एसपीएस’ या स्वतंत्र कारखान्याकडे सोपवल्या. गाड्या बनवणाऱ्या ‘नेवाग’ची निविदा महाग होती. उत्पादकाच्याच पुस्तकाबरहुकूम गाडी खोलून पुन्हा जोडली गेली, पण २०२२मध्ये ती जागची हलेना. पडद्यावर सारे आलबेल, ब्रेक सुटलेले, तरी मोटारींना वीज मिळत नव्हती. दंडाची टांगती तलवार असलेल्या कारखान्याने शेवटी ‘ड्रॅगन सेक्टर’ या गटातल्या संगणक-संशोधकांना गाठले. त्यांनी गाडीच्या नियंत्रकातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बाहेर काढून वाचायला घेतला.

हे वाचणे म्हणजेच रिव्हर्स इंजिनिअरिंग. प्रोग्रामर लिहितो ते माणसाला कळते. यंत्रात जातात ते त्यातून तयार झालेले नुसते आकडे, आणि मूळ लेखन कंपनीच्या कपाटात राहते. संशोधक चिपमधले आकडे उतरवून घेतो, ते प्रोसेसरच्या एकेका आज्ञेत फोडतो आणि कुठली आज्ञा कशासाठी आहे याचा माग काढत बसतो. नावे, टिपा, स्पष्टीकरणे सगळी गळून गेलेली असतात. अमेरिकेच्या ‘एनएसए’ने २०१९मध्ये ‘घिड्रा’ हे साधन सर्वांना फुकट दिले, तरी काम चिकाटीचेच आहे. पोलंडमध्ये त्यातून निघाले ते थक्क करणारे होते. गाडी सलग दहा दिवस उभी राहिली की चालणे बंद, अशी अट एका ठिकाणी. दुसरीकडे स्पर्धक कारखान्यांचे जीपीएस अक्षांश-रेखांश. एका गाडीत तर ठरावीक तारखेनंतर कॉम्प्रेसर बिघडल्याचे दाखवायची आज्ञा होती: दिवस २१ किंवा पुढचा, महिना ११ किंवा पुढचा, वर्ष २०२१ किंवा पुढचे. तिन्ही अटी सुट्या तपासल्यामुळे १ डिसेंबर उजाडला की ‘बिघाड’ आपोआप बरा आणि २१ तारखेला पुन्हा हजर! लोखंडाचा कॉम्प्रेसर काही कॅलेंडर पाहून आजारी पडत नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये हे जाहीर झाल्यावर नेवागने आरोप साफ फेटाळले आणि पुढे कोर्टाचा रस्ता धरला. पण माझा मुद्दा निकालाच्या आधीचा आहे. कोड वाचला नसता तर वादालाच तोंड फुटले नसते. ‘परक्या कारखान्याला काम जमले नाही’ एवढीच नोंद उरली असती.

अशाने चोरांना किल्ल्या मिळतात, हा नेहमीचा आक्षेप. २०१३मध्ये क्रेग हेफनर यांनी डी-लिंकच्या काही राउटरांचे फर्मवेअर तपासले. ब्राउझरने स्वतःची ओळख एका विचित्र अक्षरमालेने करून दिली, तर राउटर पासवर्ड न मागता आत घेत होता. ती माला उलटी वाचली की ‘एडिट बाय ०४८८२ जोएल बॅकडोअर’ असे निघे. चोरवाट हेफनर यांनी पाडली नव्हती. घराघरांतल्या राउटरांत ती आधीपासून होती आणि आकडे वाचू शकणाऱ्या कुणालाही सापडली असती. दुरुस्तीला वेळ न देता असे काही उघड करणे बेजबाबदारपणाचे, हे मात्र मान्य. तो प्रश्न जाहीर करण्याच्या पद्धतीचा आहे, त्यावरून वाचण्यावरच बंदी कशाला?

कायद्याचा आक्षेप जास्त वजनदार. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ रीतसर मिळवलेला प्रोग्राम त्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी अभ्यासायला, तपासायला मुभा देते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मात्र संगणकाला हात लावण्याआधी मालकाची परवानगी मागते. २०१०मध्ये मतदानयंत्राच्या सुरक्षेवर संशोधन करणारे हरि प्रसाद यांना अटक झाली, ती ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून चोरीला गेल्याच्या प्रकरणात. त्रुटी खरी की खोटी हे बाजूलाच राहिले, यंत्र आले कुठून यावरच चर्चा रंगली. पोलंडमध्ये यंत्र कुणाचे हा प्रश्न नव्हता. म्हणून मेट्रोचे डबे किंवा ई-बस विकत घेणाऱ्या आपल्या संस्थांनी निविदेतच एक अट घालून घ्यावी: फर्मवेअर त्रयस्थाकडून तपासून घेण्याचा हक्क खरेदीदाराचा, आणि त्या कारणाने वॉरंटी रद्द होणार नाही. उत्पादक कुरकुर करतील. किंमतही थोडी वाढवतील. घासाघीस करायची ती तेव्हाच, पैसे अजून आपल्या हातात असताना.